सकाळी अकराचं स्वयंपाकघर

ऑफिसात त्यांना सगळे डागवाले काका म्हणत. लाँड्री नव्हती त्यांची. उलट, स्वच्छ जागेवर डाग पाडायचा धंदा होता.

बांधून व्हायच्या आधीच घरं विकणाऱ्या मंडळींसाठी त्या घरांची चित्रं कॉम्प्युटरवर तयार करून देणारं ते ऑफिस. इमारतीच्या जागी अजून नुसता खड्डा असायचा, खड्ड्यात कुत्रं पसरलेलं असायचं, आणि इकडे पडद्यावर सातव्या मजल्याचा दिवाणखाना सजून तयार. सोफा, दिवा, फुलदाणी, खिडकीबाहेर निळंभोर आभाळ. ऑफिसातली तरुण मंडळी असे दिवाणखाने हां हां म्हणता उभे करत. सगळं मापात, सगळं चकचकीत, आणि तरी बघणाऱ्याला आत पाऊल टाकावंसं वाटत नसे. मग ते चित्र काकांच्या टेबलावर येई.

काका चष्मा कपाळावर सारत, नाक पडद्याला टेकेल इतके पुढे वाकत आणि निकाल देत, "इथे कुणी राहत नाही."

"काका, इमारतच नाहीये अजून. राहणार कोण?"

"ते तुला ठाऊक, मला ठाऊक. गिऱ्हाइकाला कशाला कळायला हवं?"

आणि कामाला लागत. आधी टेबलाच्या कडा. कॉम्प्युटर प्रत्येक कड ब्लेडसारखी काढतो. काका म्हणत, धार सुरीला असावी, टेबलाला नव्हे. ते कड केसभर गोल करत, आणि त्या केसभर जागेवर उजेडाची एक बारीक रेघ येऊन बसे. तेवढ्यानं टेबल लाकडाचं होई. मग विजेच्या बटणांभोवती बोटांचा पुसटसा मळ. सोफ्याच्या एकाच कोपऱ्यात बसून बसून पडलेला खळगा. एक उशी तिरकी, कुणीतरी आत्ताच फोन घ्यायला उठून गेल्यासारखी. तासाभरानं तरुण मंडळी मागे येऊन उभी राहत.

ही विद्या काकांनी कॉम्प्युटरकडून घेतली नव्हती. तीस वर्षं ते एका नाटक कंपनीत नेपथ्य रंगवत होते. लाकडी चौकटीवर कापड ताणायचं आणि त्या कापडावर भिंत, दार, जिना, काय लागेल ते उभं करायचं. पहिल्याच वर्षी त्यांनी एका दिवाणखान्याच्या भिंतीवर कोट अडकवायची खुंटी रंगवली होती. पहिल्या प्रयोगाला कंपनीचा मुख्य नट झोकात आत आला, संवाद म्हणत म्हणत कोट काढला आणि त्या खुंटीवर अडकवला. कोट बदकन खाली. थिएटर हसून हसून कोसळलं. अंक संपल्यावर नट हात उगारून आत आला आणि त्याच हातानं काकांना छातीशी धरून म्हणाला, "गाढवा, मला फसवलंस! सगळा जन्म स्टेजवर गेला माझा, मला!" त्यानंतर आयुष्यात इतका मोठा मान काकांना कुणी दिला नाही.

पुढे थिएटर पाडलं, कंपनी विखुरली. पन्नाशी उलटलेल्या बापाला लेकीनं कॉम्प्युटरसमोर बसवलं. काका माउस ब्रशसारखा हवेत धरून फिरवत आणि लेक कपाळाला हात लावी. "बाबा, खाली! खाली ठेवून सरकवायचा!" सहा महिन्यांत बाबा असे सरकवू लागले की लेकीलाच विचारावं लागे, हे कसं केलंत म्हणून.

काकूही त्याच कंपनीतल्या. कपडेपट त्यांच्या ताब्यात असे. राजाच्या शेल्यापासून भिकाऱ्याच्या लक्तरापर्यंत सगळं त्यांच्या हातून जाई, आणि प्रयोग संपला की वही घेऊन त्या दारात उभ्या राहत. शेला आला, कमरपट्टा आला, जोडे? जोडे दिल्याशिवाय राजालाही घरी जाता येत नसे. नजर अशी की तिसऱ्या रांगेतून उसवलेली शिवण दिसावी. लग्नानंतर दोघं जी दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात गेली ती तिथेच राहिली. तळमजला, मागची गल्ली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात बाहेर काढला की शेजारच्या इमारतीची भिंत हाताला लागे. भर दुपारी दिवा लावून भाजी चिरावी लागे, आणि सुईत दोरा ओवायचा तर काकू पुढच्या दारात येऊन उभ्या राहत.

एकदा काका चष्मा घरी विसरले म्हणून काकू ऑफिसात आल्या. पडद्यावर एक स्वयंपाकघर होतं. पांढरा ओटा, आणि त्या ओट्यावर सकाळचं कोवळं ऊन असं लांबच लांब पसरलेलं. काकू चष्मा द्यायचा विसरल्या.

"हे कुठलं हो?"

"नदीपलीकडे इमारत होतेय. तिसरा मजला."

काकूंनी बोट लावून पाहिलं. पडद्याला नव्हे, उन्हालाच. "इथे बसून मी सुई ओवीन," त्या म्हणाल्या.

एवढंच. उभ्या जन्मात या बाईनं कधी काही मागितलं नव्हतं. पुढच्या महिन्यात काकांनी तेच घर घेतलं.

इथे त्या धंद्याची एक रीत सांगायला हवी. ऑफिसात ऊन पडत नसे, ऊन टाकत. आमटीत मीठ टाकावं तसं. चित्र जरा उदास दिसलं की ऑफिसच्या मॅडम चिठ्ठी पाठवत, किचनमध्ये ऊन टाका, बेडरूममध्ये संध्याकाळ टाका. खिडकी कुठल्या दिशेला आहे हे कुणी विचारत नसे. खिडकीसमोर दुसरी इमारत आली तर एक बटण दाबलं की ती दिसेनाशी होई, मागे आभाळ आणि चार झाडं. यात कुणाला लबाडी वाटत नसे. ते काम होतं. त्या स्वयंपाकघरातलं ऊनही अशाच एका चिठ्ठीवरून, जेवणाच्या सुट्टीआधीच्या दहा मिनिटांत, काकांनी स्वतःच्या हातानं टाकलेलं होतं. आणि घर घेताना त्यांना ते आठवलं नाही. शपथेवर सांगावं इतकं खरं आहे हे. आठवलं नाही.

घर घेऊन वर्ष झालं आणि काकूंचं दुखणं निघालं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी काकांना बाहेर व्हरांड्यात बोलावलं. म्हणाले, हा उन्हाळा निघेल, पुढच्याचं बोलू नका. काका आत आले.

"काय म्हणाले?"

"काही नाही. आराम करा म्हणाले."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला नाटक येत नाही हो. सगळा जन्म मागे उभं राहून रंगवत बसलात, एकदा तरी पुढे जाऊन उभं राहायचं होतं." मग जरा वेळानं, "घराचा ताबा कधी म्हणालात?"

"अजून दीड वर्ष."

काकू छताकडे बघत राहिल्या. "मग मला दाखवा. तुमच्या त्या पेटीत. पण ते जाहिरातीतलं नको. आपलं सामान घालून, जसं होणार तसं. फसवायचं नाही."

"नाही फसवणार."

"शब्द द्या."

काकांनी शब्द दिला.

त्यांनी ऑफिसातून रजा घेतली, कॉम्प्युटर घरी आणला आणि काकूंच्या पलंगाच्या पायथ्याशी टेबल लावलं. सकाळचं औषध, अंघोळ, पेज आटोपली की कामाला सुरुवात. घराचा नकाशा घेऊन काकांनी भिंती उभ्या केल्या, घरातल्या एकेका वस्तूचे फोटो काढून त्या आत नेल्या, आणि काकूंनी पलंगावरून चुका काढायला सुरुवात केली. मोठमोठ्या बिल्डरांना खूश केलेला माणूस, पण या गिऱ्हाइकापुढे घाम फुटला.

"हा पडदा कापडाचा नाही. पत्र्याचा आहे."

"कापडाचाच आहे गं."

"मला कापड शिकवता? सुती पडदा खाली असा सरळ राहतो का? धुतला की आकसतो. एक बाजू वर गेली पाहिजे."

काकांनी एक बाजू वर नेली. पडदा सुती झाला.

"झाडू कुठाय?"

"झाडू?"

"झाडू नसलेलं घर पाहिलंत कुठे?"

काका विचारात पडले. आठ वर्षांत शेकडो घरं सजवली, एकातही झाडू नव्हता. दाराआड झाडू आला, त्याच्या शेजारी बादली, बादलीच्या काठावर पिळून टाकलेलं फडकं. न्हाणीघराची फरशी कोरडी होती, ती काकूंनी ओली करवून घेतली. कपाटावरच्या पुस्तकांकडे बघून त्या म्हणाल्या, "ही कुणी वाचली? काढा, तिथे रिकामे डबे ठेवा." काकांनी ठेवले, तर म्हणाल्या, झाकणं लागली कशी सगळ्यांना? आपल्याकडे एक तरी झाकण सापडतं का वेळेवर?

लेकीचा फोन आला की तिला मागून हसणं ऐकू येई. "आई आहे ना ही?" ती विचारी. त्या दिवसांत काकूंना दोन घास जास्त जाऊ लागले होते.

बैठकीची खोली झाली, निजायची खोली झाली. स्वयंपाकघर काकांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. जसं होणार तसं, म्हणजे तसंच. त्यांनी ऑफिसातून जागेचा मूळ आराखडा मागवला, पहिल्यांदाच दिशा पाहिल्या, आणि समोरची बारा मजली इमारत, जी त्यांनीच बटण दाबून घालवली होती, ती पुन्हा जागेवर ठेवली. हल्ली कॉम्प्युटरला गाव, तारीख, वेळ सांगितली की तो सूर्य बरोबर जागेवर नेऊन ठेवतो. काकांनी सांगितलं, सकाळचे अकरा.

चित्र आलं. स्वयंपाकघरात अंधार होता.

काही चुकलं असेल म्हणून त्यांनी दहा करून पाहिले, नऊ केले, दुपारचे तीन केले. मग महिने बदलले. वर्षभराचे सगळे महिने एकापाठोपाठ एक फिरवले. त्या ओट्यावर वर्षातून एकही दिवस, एकही तास कवडीएवढं ऊन येत नव्हतं. खिडकीत समोरच्या इमारतीची भिंत होती, एवढंच की हात लावायला थोडं लांब जावं लागलं असतं.

काका खुर्चीत मागे टेकले. स्वतःच खुंटी रंगवायची आणि स्वतःच तिच्यावर कोट अडकवायचा, इतका मूर्ख नट त्यांनी कुठल्या कंपनीत पाहिला नव्हता.

"झालं का स्वयंपाकघर?" पलंगावरून आवाज आला.

"होतंय."

तीन दिवस ते 'होतंय' म्हणत राहिले. शनिवारी लेक आली. काकांनी तिला दाराबाहेर, वर जाणाऱ्या जिन्याशी गाठून सगळं सांगितलं. ती कठड्याला टेकून ऐकत राहिली.

"मग टाका ना ऊन, बाबा. दोन मिनिटांचं काम. कुठे कुणी जाऊन बघणार..." आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"शब्द दिलाय तिला," काका म्हणाले.

"तिला ते ऊन हवंय, बाबा. शब्द नकोय."

रविवारी लेक परत गेली. जाताना आईच्या गळ्यात पडून एवढी रडली, की काकू म्हणाल्या, "अगं, गाडी चुकेल, आणि मग मलाच स्वयंपाक करावा लागेल तुझा."

सोमवारी सकाळी काकांनी दोन्ही चित्रं तयार ठेवली. एकात ऊन होतं, एकात नव्हतं. काकूंना उशांच्या आधारानं बसवलं, पडदा त्यांच्याकडे वळवला. बोट त्या उन्हाच्या चित्रावर होतं. शेवटच्या क्षणी ते सरकलं.

काकू बघत राहिल्या. सकाळचे अकरा, आणि ओट्यावर ट्यूबलाइट जळतेय. स्टीलच्या भांड्यांवर तिचा पांढरा, थंड उजेड. ओटा ओला, फडकं कोपऱ्यात. दोन कप पालथे.

"समोर हे काय आहे?"

"इमारत."

"नवीन झाली?"

"नाही. आधीपासून आहे. मी लपवली होती."

"माझ्यापासून?"

"नाही गं. सगळ्यांपासून. तशी रीतच आहे आमची."

काकूंच्या लक्षात यायला एक क्षण लागला. मग त्या हसायला लागल्या. हसता हसता खोकला आला, पाणी प्यायल्या, पुन्हा हसल्या. "म्हणजे तुम्हीच रंगवलंत आणि तुम्हीच जाऊन घेतलंत?"

"हो."

"अहो, कुणाला सांगू नका हो हे!"

काकांना हसू येईना. त्यांचे डोळे भरून आले होते. काकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा चित्राकडे पाहिलं, या वेळी निराळ्या नजरेनं, तिसऱ्या रांगेतून बघायच्या तशा.

"ऊन खरं केलंत," त्या म्हणाल्या. "आता माणसंही खरी करा."

"म्हणजे?"

"हा दुसरा कप कुणाचा?"

"तुझा."

"दीड वर्षानं?"

काका म्हणाले, "मी घरात खुणा घालतो. काढायचं काम माझ्याकडे नाही."

"मग आज माझ्याकडून करून घ्या." आणि काकूंनी, जणू प्रयोग संपलाय आणि त्या वही घेऊन दारात उभ्या आहेत, अशा आवाजात सगळ्या घराची यादी सुरू केली. "कप काढा. दारातल्या चपला काढा, माझ्या, तुमच्या राहू द्या. खिडकीतला माझा चष्मा. शिवणाचा डबा लेकीकडे जाईल, तो काढा. टॉवेल दोन कशाला?"

काका एकेक वस्तू काढत गेले. हात चालत होता, कारण आयुष्यभर या बाईच्या यादीपुढे कुणाचं काही चाललं नव्हतं.

"आता घालायचं ऐका. उशाशी पाण्याची बाटली ठेवा, पहाटे तुम्हाला ठसका लागतो. गोळ्यांची डबी समोर, कपाटात नको, विसरता. खुर्च्या दोन राहू द्या, लेक येईल. पण माझी ती वेताची नको. तिच्यावर तुम्ही कपडे टाकाल आणि महिनाभर उचलणार नाही."

"उचलीन."

"नाही उचलणार. आणि माझा फोटो स्वयंपाकघरात लावायचा नाही. वाफेनं खराब होतो."

शेवटी राहिली होती त्या वेताच्या खुर्चीच्या पाठीवरची काकूंची लाल शाल. काकांनी खुर्ची काढली, तिच्याबरोबर शालही गेली. मागच्या पांढऱ्या भिंतीवर त्या शालीची पुसट लाली उतरलेली होती. रंगीत वस्तू भिंतीजवळ असली की कॉम्प्युटर ती झाक आपोआप धरतो. चित्र नव्यानं होऊ लागलं तेव्हा ती लालीही निघून गेली. ती काकांनी पुसली नव्हती. काकूंनीही सांगितली नव्हती.

असं चित्र पुरं व्हायला पाऊण तास लागे. आधी सगळीकडे नुसते दाणे दिसतात, वाळू उडाल्यासारखे. मग एकेक किरण मोजून होतो, दाणे बसत जातात, वस्तू वर येतात. काकू दाणे बघता बघता झोपी गेल्या. काकांनी त्यांच्या अंगावर चादर ओढली आणि येऊन बसले.

चित्र पुरं झालं.

त्यांच्या हातून इतकं खरं काही आजवर उतरलं नव्हतं. कुणालाही क्षणभर संशय आला नसता. एका माणसाचं घर होतं ते. एक कप, एक टॉवेल, दारात चपलांचा एकच जोड, आणि सकाळी अकरा वाजता कुणीतरी लावून ठेवलेला दिवा. कुठे चूक शोधू गेलं तरी सापडत नव्हती. काकांनी पडदा हळूच आपल्याकडे वळवून घेतला.

काकू जाग्या झाल्या. "झालं?"

काका म्हणाले, "थोडं राहिलंय."

"किती?"

"थोडंच."

त्या त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. बराच वेळ. पडदा वळवा, असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

त्यानंतर अकरा दिवस गेले. दिवसागणिक आवाज बारीक होत गेला, पण दुपारचं औषध झालं की प्रश्न ठरलेला, झालं का हो? आणि काका सांगत, पडद्याची घडी जमत नाहीये, कधी म्हणत फडक्याचा रंग बसत नाहीये. काकू मान हलवत. एका दुपारी त्या म्हणाल्या, "घाई करू नका. सावकाश होऊ द्या."

"बरं."

"मी आहे इथे."

"हो," काका म्हणाले. माउस हातात घेतला आणि पुऱ्या झालेल्या चित्रासमोर बसून, ऐकू जाईल अशी बटणं वाजवत, ते काम करत राहिले.